थंडी, ओल आणि स्लीपिंग बॅग



कामगारांच्या करारांवर बोलणारा माणूस आज अंथरुणावर काय बोलणार, असे काहीजणांच्या मनात आलेले दिसते. पण करारातले बारीक अक्षर वाचावयाची जी सवय आम्हांला लागली, तीच आम्हांला या विषयाकडे घेऊन आली.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेर युनियनच्या नऊ जणांसह आम्ही गढवालात पायी हिंडावयास गेलो होतो. त्यांतल्या एका तरुण फिटरने पदरमोड करून नवी स्लीपिंग बॅग घेतली होती. तिच्यावर ठळक आकडा होता, उणे १५. दुकानदाराने बोट ठेवून दाखविला तोही तोच. वाटेत दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या रात्री तंबूत ४ अंश होते, म्हणजे शून्याच्या वरच, आणि हा गडी पहाटे दोनला कुडकुडत उठला. जीभ जड झालेली, शब्द बोबडे. आम्ही त्याचे दमट कपडे उतरविले, कोरडे घातले, नीट गिळता येते आहे असे पाहून गोड चहा पाजला आणि दोघांच्या मध्ये त्याला निजविले. उजाडेपर्यंत तो सावरला. अशा वेळी कुडकुडणे थांबले पण माणूस गोंधळलेलाच आहे, तर तो बरा झाला असे कोणी समजू नये. शरीराने हात टेकलेले असतात.

उणे १५ ची बॅग अधिक ४ ला का हरली? सकाळी आम्ही तिची चिठ्ठी वाचली. या वस्तूंसाठी आयएसओ २३५३७ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात तीन आकडे महत्त्वाचे: ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’. पहिल्यावर स्त्रीला सैल अंगाने स्वस्थ झोप लागावी. दुसऱ्यावर पुरुषाने अंग आखडून रात्र काढावी. तिसऱ्यावर स्त्री सहा तास जिवंत राहावी, अंग गारठण्याचा धोका पत्करून! उणे १५ हा तिसरा आकडा होता. ‘कम्फर्ट’ २ अंश होता, तो खाली मुंगीएवढ्या अक्षरांत. शिवाय हे आकडे काढतात ते प्रयोगशाळेत, आतून तापविलेल्या पुतळ्याला कपडे चढवून आणि खाली चटई घालून. पुतळा पावसातून चालून आलेला नसतो आणि त्याला घामही येत नाही.

तरीही बॅग कोरडी असती तर ती रात्र निभली असती. खरी मेख ओलीत होती. बॅग ऊब देत नाही. अंगाची ऊब धरून ठेवते, आणि तीही भरावात अडकलेल्या निश्चल हवेच्या जोरावर. फिटरच्या बॅगेत बदकाची मऊ पिसे होती. कोरड्या थंडीत त्यांच्याइतके हलके आणि उबदार दुसरे नाही. पण भिजली की त्यांचे गोळे होतात, फुगवटा बसतो आणि हवा निघून जाते. पॉलिएस्टरच्या तंतूंचा भराव वजनाला जड, घडीला मोठा, आणि वारंवार दाबून भरला तर लवकर चेपणारा. पण दमटला तरी बराचसा फुगलेला राहतो आणि लवकर वाळतो. अलास्काच्या किनाऱ्यावर पावसातच हरणांच्या शिकारीला जाणाऱ्यांना हीच निवड करावी लागते. आपल्याकडे शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झाली, हे चांगलेच झाले; पण ओली रात्र शिकाऱ्याला आणि पदयात्रीला सारखीच. आता पाण्याला दाद न देणारी, प्रक्रिया केलेली पिसेही मिळतात. ती अधिक वेळ टिकाव धरतात, इतकेच.

आमच्या धनगराला हे शिकवावे लागत नाही. घोंगडीची लोकर पुष्कळ ओल पिऊनही अंगाला थेट ओली लागत नाही. पण घोंगडी पाठीवर घेऊन हिमालय चढावयाचा म्हणजे ओझे फार.

मग वरून रबरी खोळ चढवावी काय? पाऊस बाहेर राहील, पण अंगाची वाफ आत कोंडेल. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे पेंग्विनची अंडी आणावयास पाच आठवडे चालले. तेथे पाऊस कसला? तरी त्यांच्याच श्वासाने आणि घामाने रेनडियरच्या कातड्याच्या पिशव्या आतून गोठल्या. परतल्यावर त्यांचे वजन सुरुवातीच्या दुपटीहून अधिक भरले. म्हणून तोंड बॅगेत खुपसून श्वास सोडू नये, आणि सकाळी ऊन दिसले की बॅग उलटी करून पसरावी.

विकत घेताना ‘कम्फर्ट’चाच आकडा पाहावा, आणि तो अपेक्षित थंडीच्या चार-पाच अंश खालचा असावा. खाली चांगली चटई हवीच, कारण अंगाखालचा भराव दबून निकामी होतो. झोपावयाचे कपडे वेगळे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले.

युनियनच्या कचेरीत आता पॉलिएस्टरच्या सहा बॅगा आहेत, खुंट्यांवर मोकळ्या टांगलेल्या. नेणाऱ्याने वाळवून परत आणावयाची, एवढीच अट. परवाच एकजण येऊन विचारीत होता, “यांतली सर्वांत मोठ्या उणे आकड्याची कोणती हो?” आम्ही त्याला त्या फिटरकडे धाडले.