सूडाची वाट



‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ हे वाक्य आपण उठताबसता वापरतो. हरवलेली पावती सापडली तरी वापरतो! पण त्याच्यामागे एका बापाचा आक्रोश आहे. अभिमन्यू पडला, आणि उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाने प्रतिज्ञा केली. पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. जयद्रथाचे उडविलेले मस्तक जाऊन पडले ते संध्या करीत बसलेल्या त्याच्या वृद्ध बापाच्या मांडीवर. म्हातारा उठला, मस्तक जमिनीवर आले, आणि स्वतःच्याच शापवाणीने त्याचेही मस्तक फुटले. एका बापाचा सूड दुसऱ्या बापापर्यंत पोचला तो असा.

क्लोद शाब्रोल या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९६९ सालचा एक चित्रपट आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘जनावर मरो’. समुद्रावरून घरी येणाऱ्या एका लहान मुलाला भरधाव मोटार उडविते आणि निघून जाते. बाप मुलांसाठी गोष्टी लिहिणारा लेखक. तो रोजनिशीत सूडाचा बेत लिहितो, शोध घेतो, आणि गॅरेजवाल्या पॉलच्या घरात पाहुणा म्हणून शिरतो. पॉल खरोखरच नीच माणूस आहे. पण त्याला एक मुलगा आहे, फिलिप. तो बापाचा द्वेष करतो आणि या पाहुण्याला जीव लावतो. शेवटी पॉल विषाने मरतो आणि फिलिप गुन्हा कबूल करतो. तेव्हा लेखक खुनाचा आळ पत्र लिहून स्वतःवर घेतो आणि होडी समुद्रात लोटतो. विष कोणी घातले, हे मला तरी नक्की सांगता येणार नाही. मुलाच्या सूडासाठी निघालेला बाप दुसऱ्याच्या मुलाला वाचवू पाहतो, एवढे मात्र दिसते.

आपल्याकडे निशिकांत कामतांनी २०१५ साली ‘दृश्यम’ केला. मूळ कथा जीतू जोसेफ यांची, मल्याळम; इथे ती गोव्यात घडते. बेपत्ता मुलाची आई मीरा देशमुख ही पोलिसांची वरिष्ठ अधिकारी. मुलाचे वर्तन लाजिरवाणे होते. त्याने एका मुलीचे चोरून चित्रण करून तिला धमकाविले होते. पण आईचे काळीज ते, त्याला हा हिशेब कसा पटावा? तिच्या हुकमाने विजय साळगावकरच्या धाकट्या पोरीला मार बसतो. पोटच्या पोरासाठी तळमळणारी बाई दुसरीच्या पोटच्या पोरीवर हात उचलू देते! आणि आपण? विजय सुटावा म्हणून आपण जीव मुठीत धरून बसतो. मुलगा मीरेचा मेला आहे, याची आठवण कुणाला राहते?

शेवटच्या प्रसंगात तिने नोकरी सोडलेली आहे. नवराबायको विजयकडे येतात. आता त्यांना शिक्षा नको आहे. मुलगा परत येणार की नाही, एवढेच कळायला हवे आहे. विजय आडवळणाने कबुली देतो. मीरा ती ऐकते, पण पोलीस म्हणून नव्हे.