गिथुंगुरीच्या अंगणात औंधचा राजपुत्र

(सीताबर्डी, नागपूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



राजदूत म्हटला की मेजवान्या, खलिते आणि बंद दालनातील वाटाघाटी आपल्या डोळ्यांपुढे येतात. अप्पासाहेब पंत १९४८ साली पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले, ते मात्र किकुयू शेतकऱ्यांनी उभारलेल्या शाळेच्या अंगणात जाऊन बसले.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे ते चिरंजीव. औंध हे अवघे ७२ गावांचे संस्थान. त्याचा कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवण्याचे ठरले, तेव्हा पिता-पुत्र सल्ल्यासाठी आपल्या शेजारच्या सेवाग्रामला गांधीजींकडे आले होते. १९३९ च्या जानेवारीत ती राज्यघटना अमलात आली. गावकरी आपला कारभार कसा पाहतात, हे अप्पासाहेबांनी असे घरीच अनुभवले होते.

केनियातील सुपीक उंच प्रदेश गोऱ्यांसाठी राखीव होता. जुन्या चालीरीती सोडण्याची अट मिशनरी शाळांनी घातली, तेव्हा १९२९ च्या सुमारास अनेक किकुयूंनी स्वतःच्या शाळा काढल्या. त्या चालींत मुलींच्या सुंतेसारखी घातक प्रथाही होती, हे लपवण्याचे कारण नाही. या शाळांना शिक्षक हवेत म्हणून १९३९ मध्ये नैरोबीच्या उत्तरेस गिथुंगुरी येथे अध्यापक महाविद्यालय निघाले. समवयस्कांच्या गटागटाने वर्गणी गोळा केली. मुलींच्या वसतिगृहासाठी स्त्रियांनी वेगळा निधी जमवला. पुढे जोमो केन्याटा तेथील प्रमुख झाले.

अशा ठिकाणी स्वतंत्र भारताच्या प्रतिनिधीने जाणे इंग्रज अधिकाऱ्यांना रुचणारे नव्हतेच. आपल्याच काही व्यापारी बांधवांनाही धास्ती वाटली असेल, तर त्यांना दोष देववत नाही. रेल्वे बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर तिकडे गेले, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेच मरण पावले. एवढी किंमत मोजून उभा राहिलेला संसार कोण पणाला लावील? परंतु भारतीयांनी आफ्रिकेत स्थानिकांच्या हिताला प्रथम स्थान द्यावे, हे नेहरूंचे धोरण होते, आणि अप्पासाहेबांनी ते कागदावर राहू दिले नाही. आफ्रिकी विद्यार्थी भारताच्या शिष्यवृत्तीवर आपल्या विद्यापीठांत येऊ लागले.

१९५२ च्या ऑक्टोबरात आणीबाणी पुकारली गेली. केन्याटांना अटक झाली, गिथुंगुरीचे महाविद्यालय बंद करण्यात आले आणि त्याच आवारात पुढे फाशीचे खांब उभे राहिले. ज्या बायकांनी पै-पै जमवून वसतिगृह बांधले, त्यांना काय वाटले असेल! ब्रिटिशांच्या तक्रारी वाढतच गेल्या, आणि १९५४ मध्ये अप्पासाहेबांना केनिया सोडावे लागले. त्याच वर्षी भारताने त्यांना पद्मश्री दिली.

तेथील भारतीयांनी गांधीजींच्या स्मरणार्थ उभा केलेला निधी नैरोबीच्या तंत्रमहाविद्यालयाला मिळाला. १९५६ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते तेथे गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. १९७० साली त्याच संस्थेचे नैरोबी विद्यापीठ झाले, आणि किकुयू शेतकऱ्यांची नातवंडे तेथे शिकू लागली.