वसईच्या विहिरी आणि आपली ग्रामसभा

आपल्या जवळा बाजार गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी वसईची पाणी वाचवण्याची लढाई आपल्या कामाची आहे. मुंबईलगतच्या त्या किनाऱ्यावर इमारती वाढल्या, तसे टँकर बागायतीतल्या विहिरी उपसू लागले. गोडं पाणी उपसलं की जमिनीखालून खारं पाणी शिरतं, केळीच्या बागा वाळतात. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून लोकांना एकत्र आणलं. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

असा आवाज उठवायला कायद्यातही वाट आहे. शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार ३० दिवसांत लेखी हरकत घेता येते. गावाचा विकास आराखडा मात्र ग्रामसभेपुढे येतो. तिथे ओढा, गायरान, बाजारतळ यांचे गट नंबर विचारा आणि आपलं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.