दोन जुन्या मोटारी आणि बाईची सही

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

संयोजक मैत्रिणींनी मला ‘स्त्रिया आणि यंत्र’ या विषयावर बोलायला सांगितले. मी यंत्र-अभियंता आहे आणि बरीच वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी करते. तेव्हा मी यंत्रीकरण, रोजगार, कारखान्यातल्या बायका याविषयी बोलेन अशी तुमची अपेक्षा असणार. पण आज मी एका खरेदीविषयी बोलणार आहे. गेल्या वर्षी मी स्वतःच्या पैशांनी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन गाड्या समोर होत्या, त्यांतली एक निवडायची होती.

काही जणी हसताहेत. हसणे साहजिक आहे. आपण रेशन, पोटगी, पाणी, दारू या प्रश्नांवर काम करतो आणि ही बाई इथे ताशी अडीचशे किलोमीटर धावणाऱ्या मोटारीच्या गप्पा मारते आहे. ही श्रीमंती हौस आहे हे मला मान्य आहे. या गाड्या पेट्रोल पितात, हेही खरे. मी त्याला क्रांती म्हणत नाही. पण ही निवड करताना जे प्रश्न माझ्यापुढे आले, तेच प्रश्न सेकंडहँड स्कूटर घेणाऱ्या आशा कार्यकर्तीपुढे किंवा बचत गटासाठी जुना टेम्पो पाहणाऱ्या बायकांपुढेही येतात. पैसा कोणाचा? माहिती कोणाकडे? आणि कागदावर सही कोणाची? या तीन प्रश्नांसाठी मी हे उदाहरण घेतले आहे.

आधी पैशाचे बोलू. मोटारीच्या इतिहासात पहिला पैसा एका बाईचा होता, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. बेर्था बेंझ यांनी १८७१ साली, लग्नाच्या आधीच, आपल्या हुंड्याची रक्कम होणाऱ्या नवऱ्याच्या धंद्यात घातली आणि तो धंदा वाचवला. १८८६ साली मोटारीचे पेटंट निघाले ते मात्र एकट्या कार्ल बेंझ यांच्या नावावर. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, बेर्थाबाई ती मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत घेऊन गेल्या. शंभराहून अधिक किलोमीटर. वाटेत वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतले, इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. म्हणजे पैसा बाईचा, पहिला लांबचा प्रवास बाईचा आणि रस्त्यावरची पहिली दुरुस्तीही बाईची.

त्याच देशात पुढे काय झाले? पश्चिम जर्मनीत १९५८ पर्यंत संसारातल्या बाबतीत शेवटचा शब्द कायद्यानेच नवऱ्याचा होता. १९७७ पर्यंत कायदा सांगत होता की घरसंसार सांभाळून जमत असेल तरच विवाहित बाईने नोकरी करावी. माझ्या ऑफिसातल्या वयस्क बायकांच्या आया या कायद्याखाली जगल्या. म्हणून मी माझा खर्च कोणाला ‘समजावून’ सांगायचा नाही असे ठरवले. पुरुष माणूस पन्नाशीत वेगवान गाडी घेतो तेव्हा लोक कौतुकाने हसतात. बाईने घेतली की विचारतात, “गरज काय?” आपल्या चळवळीतही आपण बाईच्या गरजेची भाषा पुष्कळ बोललो. ते आवश्यकच होते. बाईच्या आनंदाची भाषा बोलायला आपण जरा बिचकतो.

आता त्या दोन गाड्या. पहिली बीएमडब्ल्यू एम-३, २००३ सालची. तिचे इंजिन पुढे, सहा सिलिंडर एका ओळीत, ३४३ अश्वशक्ती, मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत जाणारे. चार माणसे बसतात, डिकीत सामान मावते. दुसरी पोर्शे ९११, जिला जाणकार ‘९९६’ म्हणून ओळखतात, २००२ सालची. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची ९११ ची ही पहिली पिढी. ३२० अश्वशक्ती, पण वजनाने एम-३ पेक्षा दीडएकशे किलो हलकी. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणात मध्येच घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. ही गाडी चालवणे शिकावे लागते. दोघींच्या किमतींत फार फरक नव्हता.

चालवताना मला एम-३ अधिक आवडली, हे सांगून टाकते. ते इंजिन वरच्या फेऱ्यांना पोचले की अंगावर काटा येतो. आणि मी घेतली पोर्शे. का, ते आता सांगते, कारण तिथेच माहितीचा प्रश्न येतो.

एम-३ एका व्यापाऱ्याकडे होती. माझ्याबरोबर ऑफिसातला एक तरुण सहकारी आला होता. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर व्यापारी त्याच्याकडे पाहून देत होता. सहकाऱ्याने दोनदा सांगितले की गाडी या बाई घेणार आहेत. तरी मला सांगितले गेले ते काय? रंग किती छान आहे आणि आसने गरम करण्याची सोय आहे! याला आपण किरकोळ अपमान म्हणून सोडून देतो. पण त्याला किंमत असते, रोख किंमत. अमेरिकेत शिकागोमध्ये इयन एअर्स या कायद्याच्या अभ्यासकाने मोटारींच्या दुकानांत तपासनीस ग्राहक पाठवले. सगळ्यांनी घासाघीस करायची ती ठरवून दिलेल्या एकाच पद्धतीने. १९९१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोऱ्या पुरुषांना जी किंमत सांगितली गेली त्याहून जास्त किंमत गोऱ्या स्त्रियांना, काळ्या पुरुषांना आणि काळ्या स्त्रियांना सांगितली गेली. म्हणजे अज्ञान गृहीत धरले जाते आणि त्याची वसुली होते.

पोर्शे एका निवृत्त गृहस्थांची होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून माझ्या प्रश्नांची उत्तरे दिली. पण मैत्रिणींनो, विकणारा चांगला वागला म्हणून गाडी चांगली ठरत नाही, आणि उर्मट व्यापाऱ्याची गाडीही उत्तम असू शकते. राग किंवा भीड, दोन्ही बाजूला ठेवून यंत्र तपासायचे. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर व्यापाऱ्याची बाजू वरचढ होती. जर्मनीत व्यापाऱ्याकडून जुनी गाडी घेतली तर विक्रीच्या वेळी असलेल्या दोषांची जबाबदारी किमान वर्षभर त्याच्यावर राहते. खाजगी विक्रेता ही जबाबदारी करारात नाकारू शकतो, आणि या गृहस्थांनी ती नाकारली होती.

तेव्हा मी दोन्ही गाड्या माझ्या खर्चाने एका स्वतंत्र गॅरेजमध्ये तपासून घेतल्या. दोन्ही मालकांना अट एकच घातली, मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही. थंड इंजिन खोटे बोलत नाही. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात बरेच आवाज लपतात.

या दोन्ही गाड्यांची दुखणी प्रसिद्ध आहेत. एम-३ मध्ये मागचा ॲक्सल जिथे बसतो तिथला तळाचा पत्रा तडकतो. तिच्या इंजिनातली कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे झिजतात. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांची ही बेअरिंगे कंपनीने स्वतः बोलावून बदलून दिली होती. पोर्शेच्या या इंजिनात मधल्या शाफ्टचे एक बेअरिंग आहे. ते तुटले तर सगळे इंजिन भंगारात जाते. गिअरबॉक्स आणि क्लच उतरवले की मगच तिथे हात पोचतो, म्हणून शहाणा मालक क्लच बदलताना तेही बदलून घेतो. शिवाय सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडण्याची तक्रार असते. त्यासाठी बारीक कॅमेरा आत घालून पाहावे लागते.

तपासणीत काय निघाले? एम-३ लिफ्टवर चढवली तेव्हा तळाच्या पत्र्यावर नव्या काळ्या लेपाचा थर दिसला आणि त्याच्या कडेला केसाएवढी तडा. बेअरिंगे बदलल्याचा एकही कागद नव्हता. सर्व्हिसिंगच्या नोंदींत चार वर्षे कोरी होती. पोर्शेचा रंग फिकटलेला, चालकाच्या आसनाचे चामडे फाटलेले. पण बिलांची जाडजूड फाइल होती आणि तीत क्लचबरोबर ते बेअरिंग बदलल्याचे बिल होते, तारीख आणि किलोमीटरसह. ऑइल फिल्टर कापून पाहिला, धातूचा कण नव्हता. कॅमेऱ्यात सिलिंडर स्वच्छ दिसले. या गाडीच्या संगणकात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले याची नोंद राहते, तीही काढली. गंभीर असे काही नव्हते.

मग प्रश्न उरला तो असा. कायद्याचे संरक्षण असलेली पण इतिहास माहीत नसलेली गाडी घ्यायची, की संरक्षण नसलेली पण जिचा सगळा इतिहास कागदावर आहे अशी घ्यायची? भांडून मिळणारा हक्क आणि हातातला पुरावा यांतून मी पुरावा निवडला. तपासणीचा अहवाल समोर ठेवून किंमत कमी करून घेतली आणि वाचलेले पैसे दुरुस्तीसाठी वेगळे ठेवले. जुनी वेगवान गाडी किमतीने स्वस्त होते, तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. दुरुस्तीचे पैसे बाजूला काढता येत नसतील तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, असा माझा हिशेब आहे.

यात कुठे अलौकिक बुद्धी लागली? हे सगळे शिकता येते. मुलग्याला लहानपणापासून फिटरच्या शेजारी उभे राहू देतात, मुलीला देत नाहीत, एवढाच फरक. वेग बायकांना झेपत नाही म्हणतात. मिशेल मुताँ या फ्रेंच स्त्रीने १९८१ साली इटलीतल्या सानरेमोची जागतिक रॅली जिंकली, १९८२ साली पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझीलमधल्या रॅली जिंकून जागतिक स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला. आपल्याकडे तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या, तेव्हाही लोकांनी टिंगल केलीच. पुण्यात १९७० च्या दशकात मुली लुनावर बसल्या, तेव्हाही प्रश्न तोच होता, “गरज काय?”

शेवटचा मुद्दा सहीचा. जर्मनीत मी करारावर सही केली, नोंदणी माझ्या नावावर झाली, किल्ली माझ्याकडे आली. आपल्याकडे बऱ्याचदा उलटे दिसते. बँकेच्या कर्जासाठी गाडी बाईच्या नावावर, आणि किल्ली नवऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात. ती गाडी पुढे विकली जाते, बाई सांगितले तिथे सही करते, आणि आरटीओत नाव बदलायचे राहून जाते. मैत्रिणींनो, हे धोक्याचे आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याला विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे जी गाडी बाईने कधी चालवली नाही, जिचा पैसा तिला मिळाला नाही, तिच्या अपघाताची नोटीस तिच्या दारी येऊ शकते. म्हणून विकताना २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरले गेले का, हे बाईने स्वतः पाहावे. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. घेताना आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, तो उतरवल्याचा कागद आहे का, विमा कोणाच्या नावावर आहे, हे वाचावे.

माझी एक सूचना आहे. तुमच्या गटांनी वर्षातून एक दिवस काढावा. एक जुनी गाडी, एक फिटर, शक्य तर फिटरबाई, आणि आरटीओचे कागद समोर ठेवावेत. बॉनेट उघडून ऑइलची पातळी कशी पाहायची, टायरवरची तारीख कशी वाचायची, थंड इंजिनाचा आवाज कसा ऐकायचा, हे प्रत्येकीने आपल्या हाताने करावे. हाताला काळे लागू द्यावे. त्यातल्या किती जणी पुढे मोटार घेतील ते मला सांगता येणार नाही. पण पुढच्या वेळी कोणी म्हणाले, “ताई, तुम्ही फक्त इथे सही करा,” तर त्या आधी कागद हातात घेतील आणि खुर्ची ओढून बसून तो पूर्ण वाचतील.

आता तुमचे प्रश्न विचारा. गाडीचे विचारा, कागदाचे विचारा. आणि ‘गरज काय’ असे विचारायचे असेल तर तेही विचारा, त्यावर आपण मिळून बोलू.