गोल होऊ न देणारा

फुटबॉलचा सामना पाहून आलेल्या माणसाला विचारावे, "काय झाले?" तो सांगतो, "दोन-एक." म्हणजे गोल किती झाले, ते सांगतो. किती होता होता राहिले हे तो सांगत नाही, आणि ते कुणी होऊ दिले नाहीत हे तर त्याच्या ध्यानातही नसते. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाचे असेच आहे. दिवसभरात त्याचे नाव कुणी काढले नाही, तर खुशाल समजावे की बुवाचा दिवस चांगला गेला. फुटबॉलमधल्या बचावपटूचा सारा जन्म अशा दिवसांचा. आज ज्या खेळाडूविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, त्याने हा धंदा वीस वर्षे केला. हो, धंदाच म्हणतो मी, कारण त्याचे पोट त्यावर होते. आणि वीसही वर्षे एकाच क्लबात केला. नाव फ्रांको बारेसी. देश इटली, क्लब मिलान.

८ मे १९६० चा त्याचा जन्म. उत्तर इटलीत ब्रेशा शहराजवळ त्रावाल्यातो नावाचे गाव आहे, तिथल्या शेतीवर राबणाऱ्या घरातला हा मुलगा. विशी गाठण्यापूर्वीच आईवडील दोघेही गेले. थोरला भाऊ ज्युसेप्पे हाही फुटबॉलवेडा. आता मिलान शहरात मोठे क्लब दोन. एक मिलान, दुसरा इंटर. दोघांचे मैदान एक आणि हाडवैरही तितकेच जुने. ज्युसेप्पेला इंटरने घेतले. धाकटा फ्रांकोही तिथेच परीक्षेला गेला, तर त्याला परत पाठवण्यात आले. कारण काय, तर पोरगा किरकोळ आहे, अंगात दम नाही! मग मिलानने त्याला ठेवून घेतले. पुढे एक वेळ अशी आली की त्या दोन वैरी क्लबांचे कप्तान म्हणून हे सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहून नाणेफेक करू लागले. मिलानमध्ये त्याला 'पिशिनिन' म्हणत. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ 'बारक्या'. कप्तान झाला तरी बारक्याच!

एप्रिल १९७८ मध्ये, अठरावे सरण्यापूर्वी, तो पहिला सामना खेळला. दुसऱ्याच वर्षी मिलान इटलीचा विजेता ठरला. एकोणीस वर्षांच्या पोराला वाटले असेल, हे सारे किती सोपे आहे! पण १९८० मध्ये इटलीत सामन्यांवरच्या बेकायदा पैजांचे एक मोठे प्रकरण उघडकीस आले. मिलानची काही मंडळी त्यात सापडली आणि शिक्षा म्हणून आख्ख्या क्लबाला खालच्या वर्गात ढकलण्यात आले. बारेसीचा त्या भानगडीशी काडीइतका संबंध नव्हता. एका वर्षात संघ वर आला; आणि १९८२ मध्ये पुन्हा खाली गेला. या खेपेला पैजा नव्हत्या की काही नव्हते. खेळच वाईट झाला होता.

त्याच उन्हाळ्यात इटलीने स्पेनमध्ये विश्वचषक जिंकला. बावीस जणांच्या त्या संघात बारेसी होता. पण एक मिनिटही त्याला मैदानात उतरवले नाही. म्हणजे पाहा, गडी विश्वविजेत्या संघातला, आणि परत आल्यावर खेळणार कुठे, तर दुय्यम वर्गातल्या गावोगावच्या संघांशी. अशा वेळी गुणी खेळाडू क्लब बदलतो. त्यात गैर काहीच नाही, धंद्याचा रिवाजच आहे तो. खेळाडूची कमाईची वर्षे मोजून दहा-पंधरा. बारेसी राहिला. बाविसाव्या वर्षी त्याच्या दंडाला कप्तानाची पट्टी बांधली गेली, ती पंधरा वर्षे सुटली नाही. कुणी याला निष्ठा म्हणतात. मला वाटते, निष्ठेइतकाच त्यात हट्टही असावा.

१९८६ च्या विश्वचषकाला तर त्याला संघातच घेतले नाही. थोरल्या भावाला मात्र घेतले. घरात त्यावर काय बोलणे झाले असेल, कोण जाणे!

आता त्याच्या खेळाकडे येऊ. इटलीची जुनी पद्धत बचावाची. तिला तिकडे 'कातेनाच्चो' म्हणत, म्हणजे आपल्या वाड्याच्या दाराला आतून घालतात ना, तो अडसर. प्रत्येक बचावपटूने आपापला प्रतिस्पर्धी सावलीसारखा धरायचा, आणि या सगळ्यांच्या मागे एक गडी मोकळा ठेवायचा. पुढच्यांच्या हातून जे निसटेल, ते यानं आवरायचं. हा मोकळा गडी म्हणजे 'लिबेरो'. बारेसी हा लिबेरो. त्याची उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे त्या जागेला बेताचीच. पण चेंडू कुठे जाणार, हे मारणाऱ्याच्या आधी याला कळे. धावण्याची वेळच तो येऊ देत नसे.

१९८७ मध्ये मिलानला आर्रिगो साक्की नावाचे नवे प्रशिक्षक आले. हे गृहस्थ स्वतः कधी नामांकित खेळाडू नव्हते. वडिलांच्या जोड्यांच्या कारखान्याचा माल विकत फिरत. लोक हसले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, घोडेस्वार व्हायला आधी घोडा असावे लागते हे मला ठाऊक नव्हते. या साक्कींनी तो अडसरच काढून टाकला. मागचा मोकळा गडी पुढे आणून इतर तिघांच्या ओळीत उभा केला. चौघांची एक रांग. ही रांग पुढे सरकली की चौघे पुढे, मागे हटली की चौघे मागे. बचावाच्या रांगेपासून आघाडीच्या खेळाडूपर्यंत साधारण पंचवीस मीटर अंतर ठेवायचे. मैदान शंभराहून अधिक मीटरचे, हे ध्यानात घ्या.

हे कशासाठी, तर 'ऑफसाइड'साठी. नियम थोडक्यात असा: सहकारी चेंडू पुढे देतो त्या क्षणी, त्याची वाट पाहणारा खेळाडू आणि विरुद्ध गोलची रेषा यांच्या दरम्यान विरुद्ध बाजूचे निदान दोन गडी हवेत. एक बहुधा गोलरक्षक असतो. दुसरा हवा, तो बचावपटू. आता चेंडू पायातून सुटायच्या डोळ्याच्या पात्याइतके आधी जर चौघे बचावपटू एकदम दोन पावले पुढे आले, तर? आघाडीचा तो गडी मागे उघडा पडतो, पंचाची शिट्टी वाजते, आणि हल्ला जागीच संपतो. कुणी कुणाला हात लावला नाही, पाय लावला नाही. फक्त दोन पावले.

आपल्या कबड्डीतली साखळी ज्यांनी धरली आहे, त्यांना यातली मेख लगेच कळेल. चढाई करणारा आत शिरला की हातात हात घालून सगळ्यांना एका श्वासात हलावे लागते. एक जण रेंगाळला की संपले, गडी निसटलाच. फरक इतकाच की कबड्डीत हात हातात असतो. इथे चौघांमध्ये पंधरा-पंधरा पावलांचे अंतर, आणि ऐंशी हजार लोकांचा गलका. मग इशारा कोण देणार? तो बारेसी देई. तो निघाला की तास्सोत्ती निघे, कोस्ताकुर्ता निघे, तरुण पाओलो माल्दिनी निघे. एक हात वर करून पंचाकडे पाहणारा बारेसी, हे त्या काळच्या फुटबॉलचे एक कायमचे चित्रच होऊन बसले.

याची तालीम कशी चाले? कधी साक्की मैदानातून चेंडूच काढून घेत. नुसते सांगत, चेंडू अमुक ठिकाणी आहे, आणि अकरा जण त्या नसलेल्या चेंडूप्रमाणे सरकत. पाहणाऱ्याला वेडगळपणा वाटावा! आणखी एक गोष्ट साक्कींनी पुढे सांगितली आहे. गोलरक्षक आणि चार बचावपटू, एवढ्या पाच जणांविरुद्ध त्यांनी दहा जण सोडले, त्यांत हॉलंडचे गुलिट आणि व्हान बास्टनही होते. पाव तासात त्या दहांना एक गोल काही करता आला नाही.

फळ लवकरच दिसले. १९८८ मध्ये इटलीचे अजिंक्यपद. १९८९ मध्ये उपांत्य सामन्यात रेआल माद्रिदला पाच-शून्य आणि अंतिम सामन्यात बुखारेस्टच्या स्तेआउआला चार-शून्य हरवून युरोपचा चषक. १९९० मध्ये तोच पुन्हा. १९८९ च्या युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत बारेसी दुसरा आला. पहिला व्हान बास्टन. अर्थात गोल करणारा! पुढे १९९३-९४ च्या हंगामात मिलानने चौतीस सामन्यांत अवघे छत्तीस गोल केले आणि तरी अजिंक्यपद मिळवले. कारण अंगावर घेतले फक्त पंधरा.

आता १९९४ चा उन्हाळा. मे महिन्यात अथेन्सला युरोपच्या चषकाचा अंतिम सामना होता, बार्सेलोनाशी. बारेसीवर बंदी होती, तो खेळला नाही. बार्सेलोनाकडे रोमारिओ हा ब्राझीलचा नामांकित गोलवीर. तरीही मिलान चार-शून्यने जिंकले. मग बारेसी इटलीचा कप्तान म्हणून अमेरिकेत विश्वचषकाला गेला. २३ जूनला नॉर्वेशी खेळताना त्याच्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. वय चौतीस. न्यूयॉर्कमध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. सगळ्यांनी धरून चालले, याचा विश्वचषक आटोपला. इटलीचा संघ रडतखडत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, समोर ब्राझील, ब्राझीलकडे तोच रोमारिओ. आणि १७ जुलैला, शस्त्रक्रियेला महिनाही झाला नव्हता, संघाच्या अग्रभागी बारेसी मैदानात उतरला.

पासाडेनाचे ते मैदान, भर दुपारचे रणरणते ऊन, चौऱ्याण्णव हजार प्रेक्षक. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. कोस्ताकुर्ता बंदीमुळे बाहेर, म्हणून माल्दिनीला कडेवरून मध्ये आणलेले. एकशेवीस मिनिटे खेळ झाला. पुष्कळांच्या मते हा अंतिम सामना कंटाळवाणा झाला. गोल नाही, तर काय पाहायचे? मी म्हणतो, त्या चौतिशीच्या माणसाला पाहायचे! रोमारिओ डावीकडे वळला, बारेसी तिथे. बेबेतोला चेंडू निघाला, मध्येच बारेसीचा पाय. एकदा इटलीच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटून खांबाला लागला, तेव्हा त्याने त्या खांबाचेच चुंबन घेतले. ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिले. जादा वेळेत बारेसीच्या पायांत गोळे येऊ लागले. तो खाली बसे, पाय ताणून घेई, पुन्हा उठे. सामना शून्य-शून्य सुटला.

मग पेनल्ट्या. पहिली कुणी मारायची? कप्तानाने. चार वर्षांपूर्वी नेपल्सला अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही पहिली त्यानेच मारली होती, आणि गोल केला होता. या वेळी त्या थकलेल्या पायाने मारलेला चेंडू दांडीवरून आकाशात गेला. बारेसी गुडघ्यांवर बसला. इटलीचे तिघे चुकले: पहिला बारेसी, मग मास्सारो, आणि शेवटी रोबेर्तो बाज्जो. ब्राझील तीन-दोनने जिंकले.

आज कुणालाही विचारा, तो सामना कुणी घालवला? उत्तर येते, बाज्जोने. वास्तविक बाज्जोचा गोल झाला असता तरी ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लकच होती. पण बाज्जो हा गोल करणारा, त्या स्पर्धेत इटलीला खांद्यावर घेऊन आलेला, तेव्हा चुकीचाही मान त्याचाच. बारेसी त्या दिवशी सहकाऱ्यांच्या खांद्यावर डोके ठेवून लहान मुलासारखा रडला. त्याची चूकही लोक विसरले.

त्याच वर्षी देशासाठी खेळणे त्याने थांबवले. ८१ सामने, गोल एक. मिलानसाठी तो आणखी तीन हंगाम खेळला, १९९६ मध्ये सहाव्यांदा इटलीचे अजिंक्यपद मिळवले आणि १९९७ मध्ये बूट उतरवले. तोवर क्लबाचे ७१९ सामने भरले होते. त्याच्या पाठीवर सहाचा आकडा असे. तो शर्ट मिलानने त्याच वर्षी घडी करून कायमचा बाजूला ठेवला.