रणभूमीवरील टंकलेखन यंत्र



हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान वसाहतीत आज हजारो तरुण संगणकाच्या कळा दाबीत असतात. त्या कळांवरील इंग्रजी अक्षरांचा क्रम हा एकोणिसाव्या शतकातील टंकलेखन यंत्राचा वारसा होय.

दुसऱ्या महायुद्धात हे यंत्र लहानशा पेटीत बसून युद्धवार्ताहरांबरोबर आघाडीवर पोहोचले. मुंबईच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे दोसाभाई फ्रामजी कराका हे त्या काळातील एक भारतीय युद्धवार्ताहर. ब्रह्मदेशच्या आघाडीवरील चौदाव्या सैन्याची हकिकत त्यांनी लिहिली. १९४५ मध्ये जर्मनीतील बेल्सनची छळछावणीही त्यांनी पाहिली.

वार्तापत्र प्रथम लष्करी सेन्सॉर अधिकाऱ्याकडे जाई. सैन्याचे ठिकाण वा हालचाल उघड करणारा मजकूर तो खोडीत असे. उरलेला तारेने रवाना होई. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागे. टंकलिखित अक्षर सुवाच्य असल्याने नाव वा आकडा चुकण्याचा धोका कमी होई. ज्या घरातील मुलगा आघाडीवर होता, त्या घराला याचे मोल कळत असे.

गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. पुढे सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यातही ती यंत्रे बनली. २००९ च्या सुमारास त्यांचे उत्पादन थांबले.

यंत्र गेले, जबाबदारी उरली. युद्धप्रसंगी अफवा आता क्षणार्धात गावोगाव पोहोचते. पाहिलेले कोणते आणि केवळ ऐकलेले कोणते, हा भेद शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत समजावून देणे अगत्याचे आहे.