सोळा वर्षे उभी असलेली जीप

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





चिटणीस साहेबांनी मला 'विद्यार्थी आणि श्रमाचे महत्त्व' असा विषय दिला होता. त्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार किती, हे मला गेल्या दिवाळीच्या सुटीत चांगलेच कळून चुकले. म्हणून आपली परवानगी गृहीत धरून मी आज एका जुन्या जीपची हकीकत सांगणार आहे.

मंडणगड तालुक्यातील आमच्या घराच्या मागील पडवीत चाचांची १९६८ सालची पेट्रोल जीप उभी होती. आमच्या गावाकडचा रस्ता पावसाळ्यात कसा होत असे हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. एस. टी. बंद पडली की आजारी माणसाला दापोलीला नेणारे वाहन एकच, ते म्हणजे चाचांची जीप. मजसारख्या अनेकांच्या आयांना बाळंतपणासाठी त्याच जीपने नेले गेले. २००९ साली चाचांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती गाडी जी थांबली ती थांबलीच. जून २०२० च्या निसर्ग वादळात पडवीचे पत्रे उडून गेले, आणि पुढे तिने ताडपत्रीखाली पाऊस खाल्ला.

मुलांच्या माहितीसाठी दोन शब्द सांगतो. जीप हे मूळचे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन लष्कराचे वाहन. युद्धानंतर विलीज कंपनीने ते नागरिकांसाठी काढले. १९५३ साली जे मॉडेल आले त्याचे इंजिन उंच असल्याने बॉनेटही उंच करावे लागले, आणि तोच चेहरा आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर दिसला. भारतात ही जीप बनविणारी महिंद्र आणि महिंद्र कंपनी १९४५ साली स्थापन झाली तेव्हा तिचे नाव महिंद्र आणि मोहम्मद असे होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि इकडे १९४८ साली नाव बदलले. हे मी नववीच्या वर्गात सांगतो तेव्हा एरवी पेंगणारी मुलेही मान वर करतात.

तर गतवर्षी, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यानंतर, आखाती देशात नोकरीस असलेल्या चुलत भावाने फोनवर सांगितले की भंगारवाला येऊन जाईल, गाडी देऊन टाका. चाचा खाटेवर पडून ऐकत होते. त्यांची जीभ आता नीट वळत नाही. ते एवढेच म्हणाले, "चालू करून दे, मग दे." मी भावाकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

मी बी. ए., बी. एड. झालेला मनुष्य. मला वाटले, यात काय मोठे आहे? नवी बॅटरी आणली, जोडली आणि स्टार्टर दाबला. आतून एक 'टक्' असा आवाज आला. पुन्हा दाबला. पाच-सहा वेळा दाबल्यावर जळका वास आला तेव्हा हात काढला. नंतर प्लग खोलावयास गेलो. तेथे आजूबाजूचे दोन बोल्ट माझ्या पान्याने घसरून गोल केले. गाडी इंचाच्या मापाची, माझे पाने मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर हे मी वर्गात फळ्यावर लिहून देतो. पण हातात १३ चा पाना घेताना ते आठवले नाही.

शेवटी तालुक्याच्या गावातील एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी बॉनेट उघडले, एअर क्लीनरमधून उंदराचे घरटे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "मास्तर, सोळा वर्षे निजलेल्या माणसाला लाथ मारून उठवतात काय?"

त्यांच्याबरोबर एक तरुण मदतनीस होता. त्याने मला सलाम केला आणि मी ओशाळलो. तो माझाच विद्यार्थी. गणितात मागे पडत असे. एकदा भर वर्गात मी त्याला म्हणालो होतो, "तू शेवटी गॅरेजातच जाणार." त्यावर वर्ग हसला होता. दहावीची परीक्षा न देताच त्याने शाळा सोडली. ती गोष्ट मी विसरलो होतो. त्याच्या चेहऱ्यावरून तो विसरलेला दिसला नाही.

काम आता रीतीने सुरू झाले. पहिली आज्ञा अशी की स्टार्टरला कोणी हात लावायचा नाही. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिन ऑइल निमनिम मिसळून थोडे थोडे ओतले. पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतींना चिकटलेल्या असतात, त्या सुटाव्यात म्हणून. मग रोज सकाळी पुढून हँडल घालून हलकेच दाब द्यायचा, जोर करायचा नाही. जोर केला तर रिंग तुटते आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. पहिले पाच दिवस ते दगडासारखे घट्ट राहिले. सहाव्या दिवशी फॅनचे पाते बोटभर सरकले. चाचांच्या खिडकीतून ते दिसत होते. त्यांनी भिंतीवर हात आपटला.

इंजिनखालचा बूच उघडला तर प्रथम पाणी आले, तेल मागाहून. पाणी जड, ते तळाशी बसते. ही गोष्ट मुले पाचवी-सहावीत शिकतात. तशाच अवस्थेत मी इंजिन फिरविले असते तर बेअरिंगांना तेलाऐवजी पाणीच मिळाले असते. टाकीतील पेट्रोलचा चिकट काळा राळेसारखा पदार्थ झाला होता. टाकी उतरवून, आत छोटे खडे व रॉकेल घालून आम्ही ती हलवीत बसलो. एक सूचना येथे सर्व तरुणांना करतो. रिकाम्या टाकीजवळही विडी, दिवा किंवा वेल्डिंग नेऊ नका. पेट्रोल संपले तरी त्याची वाफ आत असते आणि भडका तीच घेते.

पेट्रोल पंपाचा रबरी पडदा फाटला होता. तो साधा मिळाला असता, परंतु मिस्त्रींनी नव्या पेट्रोलला टिकेल असाच आणावयास सांगितले. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगविते आणि हवेतील ओलावा ओढते.

एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच अडकून बसला होता. या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे बाजूचे झाकण काढून तेल सोडत, हलके ठोकत तो मोकळा करावा लागला. हे काम त्या मुलाने केले. दोन दिवस गुडघ्यांवर बसून. तिसऱ्या दिवशी त्याने डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून त्यातील फट पातीने मोजली, आणि कोणता सिलिंडर कधी पेटतो तो क्रम मला सांगितला: एक, तीन, चार, दोन. मी तो वहीत लिहून घेऊ लागलो तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, लिहून कशाला? हँडल फिरवा आणि बोटांनी हवा पाहा."

त्या संध्याकाळी मी त्याला बाजूला घेऊन वर्गातील त्या वाक्याबद्दल माफी मागितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्या दिवशी मी घरी गेलो नव्हतो, सर. नदीवर बसलो होतो." थोड्या वेळाने म्हणाला, "जरा तो अर्धा इंची पाना द्या."

आता इंजिन चालू होईल असे मला वाटले. परंतु मिस्त्री ब्रेक पाहिल्याशिवाय चालू करावयास तयार होईनात. चारही चाकांचे ड्रम ठोकून काढले. आतील छोटे पिस्टन गंजून घट्ट झाले होते. ब्रेकचे तेल काळे व पाणी धरलेले होते. क्लचची प्लेटही चिकटली होती. सुटी संपली, शाळा सुरू झाली आणि आम्ही रविवार-रविवार काम करू लागलो. भावाचा दर आठवड्यास फोन येई. खर्चाचा आकडा मी येथे सांगत नाही, घरची मंडळी समोर बसली आहेत.

डिसेंबरच्या एका रविवारी चाचांना खुर्चीवर बसवून अंगणात आणले. हँडल मारण्याचा मान मला दिला, पण आधी मिस्त्रींनी माझा अंगठा धरून बोटांच्याच बाजूला आणला. अंगठा पलीकडून वळवून धरला आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोडतो. हँडल खालून वर ओढायचे, वरून दाबायचे नाही. चौथ्या ओढीला ते पेटले. केवढा तो धूर! सिलिंडरमधील तेल जळत होते. बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या. चाचांनी मान तिरकी करून ऐकले, तीन बोटे वर केली आणि म्हणाले, "तिसरा." त्या मुलाने तिसरा प्लग काढून पाहिला. तो ओला होता. नवा प्लग घातला आणि चारही सिलिंडर सारखे बोलू लागले.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. तेही सोपस्कार पूर्ण झाले. गाडी दाखविण्याआधी तिचा हॉर्न दुरुस्त करावा लागला, कारण त्यात कुंभारीण माशीने घर केले होते. ते काढताना मुलांना फार मजा वाटली.

भावाने आता भंगारवाल्याचे नाव काढणे सोडले आहे. तो मुलगा यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी रीतीने दहावीस बसला आहे, आणि मी त्याला सकाळी गणित शिकवितो. बीजगणित त्याला अजून जड जाते. ते सोपे करून सांगणे मला अजून जमलेले नाही.

जीप बाहेर आंब्याखाली उभी आहे. आज चाचा तीतूनच आले आहेत. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जरूर पाहावी, त्या मुलाला प्रश्न विचारावेत. फक्त कृपा करून हँडलला कोणी हात लावू नये.